गोळी बदलताना: मंत्रचळ, चिंता आणि बारा आठवड्यांचा हिशेब

प्रश्न: माझे वय 38 आहे. देवगड तालुक्यात आमची हापूसची दीडशे कलमे आहेत आणि फवारणीपासून पेट्या भरण्यापर्यंतची बरीचशी कामे मी स्वतः करतो. गेली सहा वर्षे मला फवारणीच्या औषधाचे भय बसले आहे. हात धुतले तरी बोटांच्या पेरांत औषध राहिले असेल आणि ते मुलांच्या ताटात जाईल, असे वाटत राहते. साबणाने अकरा वेळा हात धुतो. मध्येच आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. हंगामात खिळे ठोकून बंद केलेली पेटी पुन्हा उघडतो, कारण एखादा खिळा आत पेंढ्यात पडला असेल अशी शंका येते. एकेका पेटीला अर्धा तास जातो आणि गडी माणसे बघत उभी राहतात.

चार वर्षांपूर्वी मला पॅरॉक्सेटिन 20 मिलिग्रॅम दिले होते. पाच आठवड्यांत काही फरक दिसला नाही म्हणून मी ते एका दिवसात बंद केले. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे होऊ लागले आणि चक्कर येऊन शिडीवरून पडता पडता वाचलो. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅम सुरू केले. पाच महिने 10 मिलिग्रॅम आणि त्यापुढे आजपर्यंत चार महिने 20 मिलिग्रॅम चालू आहे. छातीतली धडधड थांबली, झोपही लागते, पण धुणे आणि पेट्या उघडणे जवळपास तसेच आहे. डॉक्टरांनी प्रश्न विचारून गुण काढले, ते 27 वरून 23 वर आले. आता हे औषध कमी करत फ्लूवोक्सामिन सुरू करावे, असे ते म्हणतात. दोन औषधे हरल्यावर तिसऱ्याचा उपयोग काय? मला नैराश्य नाही, मग नैराश्याच्या गोळ्या कशासाठी? बदलताना पुन्हा तशी वीज चमकली तर काय करू? आई म्हणते, ‘तुका कोणाची तरी नजर लागली असा’, आणि देवळात कौल लावायचा आग्रह धरते. दिवसाला सात-आठ कप चहा होतो. कंबर दुखली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो. त्याखेरीज दुसरे कोणतेही औषध घेत नाही.

– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर: तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे. त्याकडे मी पुढे येतो. त्याआधी ‘दोन औषधे हरली’ हा हिशेब तपासून घेऊ, कारण तो चुकला आहे.

मंत्रचळ, म्हणजे नको असलेले विचार मनात घोळत राहणे आणि त्यांपायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे, हा आपल्याकडचा जुना शब्द आहे. आता सगळेच ओसीडी म्हणतात. या आजारात औषधाची परीक्षा घेण्याची रीत नैराश्यापेक्षा वेगळी असते. नैराश्यात चार ते सहा आठवड्यांत काहीतरी हालचाल दिसावी अशी अपेक्षा असते. मंत्रचळात मात्र आठ ते बारा आठवडे थांबावे लागते, आणि त्यातील निदान चार ते सहा आठवडे रुग्णाला सोसेल अशा वरच्या डोसवर जावे लागतात. पॅरॉक्सेटिनचा मंत्रचळासाठीचा नेहमीचा डोस 40 ते 60 मिलिग्रॅम असतो. तुम्ही 20 मिलिग्रॅमवर पाच आठवडे होता. ते औषध हरले असे मुळीच म्हणता येणार नाही, त्याची परीक्षाच झाली नाही. एस्सिटॅलोप्रॅमची परीक्षा मात्र नीट झाली आहे: पुरेसा डोस, पुरेसे महिने, आणि सुरुवातीचे व नंतरचे गुण लिहून ठेवलेले. म्हणजे एक औषध अपुरे ठरले, दोन नव्हे. अशा वेळी त्याच गटातील दुसरे औषध देऊन पाहणे हा मान्य मार्ग आहे आणि तुमचे डॉक्टर त्याच मार्गाने चालले आहेत.

ते गुण कसले, हेही समजून घ्या. 1989 साली प्रसिद्ध झालेली येल-ब्राउन मापनपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात शून्यापासून 40 पर्यंत गुण असतात आणि विचारांत व कृतींत किती वेळ जातो, त्रास किती होतो, थोपवता किती येते हे विचारले जाते. 35 टक्के किंवा त्याहून अधिक घट झाली तर औषध चांगले लागू पडले असे साधारणपणे मानतात. 27 वरून 23 ही घट सुमारे 15 टक्के भरते. तुमची चिंता आणि झोप सुधारली, हा लाभ खरा आहे, म्हणूनच बदल करताना तो गमावणार नाही अशा बेताने करायला हवा. पण मंत्रचळापुरते पाहिले तर गाडी फार हललेली नाही.

आता ‘नैराश्याची गोळी कशासाठी’ हा प्रश्न. या औषधांना हे नाव पडले, कारण ती आधी त्या आजारासाठी बाजारात आली. क्लोमिप्रामिन नावाचे जुने औषध मंत्रचळावर चालते हे 1960 च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले. नैराश्यावर चालणाऱ्या त्या काळच्या इतर बऱ्याच औषधांना ते जमत नव्हते आणि क्लोमिप्रामिनचा सेरोटोनिन या मेंदूतील निरोप पोचवणाऱ्या रसायनावरचा प्रभाव त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक होता. पुढे सेरोटोनिनवरच मुख्यतः काम करणारी फ्लूऑक्सेटिन, फ्लूवोक्सामिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही औषधे आली, आणि ती मंत्रचळावर आणि चिंतेवरही वापरली जाऊ लागली. तेव्हा पाकिटावरील वर्गाचे नाव वाचून तुम्हाला नैराश्य आहे असा अर्थ काढू नका. शेजाऱ्याने ते वाचून काही अर्थ काढला, तर तोही काढू देऊ नका.

वीज चमकण्याची भीती. तुम्हाला झाले तो औषध अचानक तोडल्याचा त्रास होता. त्यात चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात झटके येतात. शेवटच्या गोळीनंतर साधारण दोन ते चार दिवसांत तो सुरू होतो. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे या बाबतीत ते सर्वांत त्रासदायक समजले जाते. याच्या उलट फ्लूऑक्सेटिन आणि त्याचा उपपदार्थ आठवडे रेंगाळतात, त्यामुळे त्याचा त्रास सर्वांत कमी. एस्सिटॅलोप्रॅम या दोहोंच्या मध्ये बसते. शिवाय या वेळी तुम्ही औषध तोडत नाही, एकाच्या जागी त्याच जातीचे दुसरे आणत आहात. पहिल्याचा डोस पायरीपायरीने उतरवायचा आणि दुसऱ्याचा लहान डोसपासून चढवायचा, अशी ही रीत आहे. मध्ये रिकामा दिवस ठेवावा लागत नाही. फ्लूवोक्सामिन यकृतातील काही विकरांना (औषधे पचवणाऱ्या एन्झाइमांना) अडवते आणि त्यामुळे एस्सिटॅलोप्रॅमची रक्तातील पातळी वाढू शकते, म्हणून दोन्ही एकत्र चालू असतानाच्या दिवसांत जुन्याचा डोस आधी खाली आणलेला असावा लागतो. कोणत्या तारखेला कोणती किती, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. तोंडी सांगितलेले वेळापत्रक घरी पोचेपर्यंत अर्धे विसरले जाते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

आता ती कमरेची गोळी. तुम्ही माझ्यासमोर बसला असता तर मी सर्वांत आधी तिचे पाकीट मागितले असते. कंबर किंवा मान धरली की आपल्याकडे ज्या मिश्र गोळ्या सर्रास दिल्या जातात, त्यांतील अनेकांमध्ये टिझानिडिन हे स्नायू सैल करणारे औषध असते. फ्लूवोक्सामिनबरोबर टिझानिडिन घेणे पूर्णपणे वर्ज्य आहे: रक्तातील टिझानिडिन कित्येक पटींनी वाढते, रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो आणि माणूस झोपाळून कोसळू शकतो. दुसऱ्या काही वेदनाशामकांत ट्रामाडॉल असते. ते सेरोटोनिन वाढवणाऱ्या कोणत्याही औषधाबरोबर, म्हणजे आज चालू असलेल्या एस्सिटॅलोप्रॅमबरोबरसुद्धा, जोखमीचे आहे. साध्या सूज-वेदनेच्या गोळ्याही या गटाबरोबर वारंवार घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ‘दुसरे कोणतेही औषध घेत नाही’ असे तुम्ही डॉक्टरांना सांगितले असेल, तर कृपया उद्याच ते पाकीट घेऊन त्यांच्याकडे जा. कमरेचे दुखणे कायमचे असेल, तर ते फ्लूवोक्सामिनऐवजी सर्ट्रालिनचा विचार करतील असे मला वाटते. तोही मंत्रचळावरील पहिल्या फळीतील पर्याय आहे आणि त्याचे असे वैर कमी औषधांशी आहे. निर्णय अर्थात त्यांचा.

चहाबद्दलही तेच. फ्लूवोक्सामिन ज्या विकराला सर्वाधिक अडवते तोच कॅफिन पचवतो. आज सात-आठ कप तुम्हाला सहज पचत असतील, पण हे औषध सुरू झाल्यावर सकाळच्या चहातले कॅफिन रात्रीही अंगात राहील. मग धडधड आणि झोपमोड सुरू होईल, आणि ‘नवीन गोळीने चिंता वाढली’ असे म्हणून तुम्ही गोळी सोडाल. बदल सुरू होण्याआधीच्या आठवड्यात चहा हळूहळू दोन कपांवर आणा. एकदम सोडलात तर डोके दुखेल.

एक मुद्दा खास बागायतदारासाठी. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढले तर घाम, थरथर, जुलाब, बेचैनी, ताप आणि स्नायूंचे आचके दिसतात. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकाची बाधा झाली तरी घाम, थरथर आणि जुलाब हीच चिन्हे असतात. ढोबळ फरक इतकाच की सेरोटोनिनमध्ये डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि कीटकनाशकात टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक. हा फरक ओळखणे तुमचे काम नाही, डॉक्टरांचे आहे. तुमचे काम एवढेच की औषध बदलण्याच्या आठवड्यांत फवारणीचा पंप स्वतः पाठीवर घेऊ नका, आणि अशी चिन्हे दिसली तर थेट रुग्णालय गाठून ‘गोळी बदलली आहे’ आणि ‘बागेत फवारणी झाली आहे’ या दोन्ही गोष्टी सांगा. एकच सांगितली तर समोरच्या डॉक्टरांची दिशा चुकू शकते. झाडावर किंवा शिडीवर चढणेही पहिले दोन-तीन आठवडे टाळा, कारण फ्लूवोक्सामिनने झोपाळल्यासारखे होऊ शकते.

यावरून मुहूर्ताचा प्रश्न निघतो. मला विचाराल तर हाच काळ योग्य आहे. श्रावणात सुरू केलेली गोळी आपला खरा गुण दिवाळीच्या सुमारास दाखवते, आणि तोवर मोहोराच्या फवारण्यांचे दिवस लागायचे असतात. मार्चमध्ये, पेट्या भरण्याच्या ऐन धांदलीत, हा बदल मी कुणालाही सुचवणार नाही. अडथळा एकच: मध्ये चतुर्थी आहे. घर चाकरमान्यांनी भरलेले असते, जेवणे उशिरा होतात, जागरणे होतात, कोणीतरी ग्लासही पुढे करतो, आणि गोळी राहून जाते. ती वेळ गजर लावून पाळा. मद्य या आठवड्यांत नकोच. गोळ्यांचा निदान पंधरा दिवसांचा साठा घरात असू द्या, कारण घाटात दरड कोसळली की मेडिकलवाल्याकडे माल येत नाही. गोळ्या पाकिटातून सुट्या काढून ठेवू नका. पावसाळी हवेत त्या ओल धरतात. दुकानदाराने वेगळ्या नावाचे पाकीट दिले तर त्यावरील बारीक अक्षरातले मूळ औषधाचे नाव कागदाशी जुळवून पाहा. दोन वेगळ्या नावांखाली एकच औषध दुप्पट घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांत शिकलेसवरलेले कमी नव्हते.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत चिंता थोडी वाढू शकते. ते बहुधा औषध बसत असल्याचे लक्षण असते. पण बेचैनी इतकी वाढली की एका जागी बसवत नाही, झोपेची गरजच वाटेनाशी होऊन अंगात अवाजवी उत्साह संचारला, किंवा जीव नकोसा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेली मानस ही सरकारची विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते. ती ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात गेल्याने माणूस ‘वेडा’ ठरतो, ही समजूत आता तरी आपण सोडायला हवी.

औषधाबद्दल इतके लिहिले, पण नुसत्या गोळीवर मंत्रचळ क्वचितच पुरता हटतो. त्याच्या जोडीला भीतीला सामोरे जाऊन विधी रोखण्याचा सराव लागतो. तुमच्या बाबतीत एक अडचण खरी आहे: कीटकनाशक हे विष आहेच, त्यामुळे ‘काही होत नाही’ असे मी म्हणणार नाही. सीमारेषा बाटलीवरच आखलेली आहे. तिच्यावरील त्रिकोणाचा रंग – लाल, पिवळा, निळा, हिरवा – विषाची तीव्रता सांगतो. हातमोजे, मुखपट्टी, वेगळे कपडे आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ हेही लेबलावर दिलेले असते. तेवढे पाळले, नंतर साबणाने एकदा नीट हात धुतले, की काळजी संपली. दुसऱ्यांदा धुण्यापासून पुढचे सगळे मंत्रचळाचे आहे. सराव असा: एकदा हात धुवून पडवीत येऊन बसायचे, मुलाला आंबोळीचा तुकडा स्वतःच्या हाताने मोडून द्यायचा, आणि मोरीकडे जाण्याची ओढ चढू द्यायची. ती चढते, टिकते आणि बहुतेक वेळा न धुताही हळूहळू उतरते. पहिल्या दिवशी तासभर लागेल, पण रोज केल्यावर वेळ कमी होतो. सुरुवात प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली करावी. जवळपास कोणी नसेल तर दूरदृश्य भेटीतून हे बऱ्यापैकी जमते. पेट्यांसाठी नियम सोपा करता येईल: खिळे मोजून घ्यायचे काम गड्याकडे द्या आणि बंद झालेल्या पेटीला तुम्ही हात लावू नका.

आणि आईंचा कौल. देवळात जरूर जा, गाऱ्हाणे घाला. आईंना त्याने धीर येत असेल तर त्यात मोडता घालण्याचे कारण नाही. मात्र गोळी सुरू ठेवू का, हा प्रश्न देवापुढे मांडू नका. दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. मंत्रचळाचा रुग्ण खात्री मागत फिरतो: बायकोला ‘हात स्वच्छ आहेत ना?’ असे वीसदा विचारतो, आणि तिने ‘हो’ म्हटल्यावर पाच मिनिटे शांत राहतो. कौलही तसाच पुन्हा पुन्हा मागितला जाऊ लागला, तर तोही धुण्याचाच एक प्रकार होईल. घरच्यांनी अशा प्रश्नाला न रागावता ‘याचे उत्तर मी देणार नाही, असे आपले ठरले आहे’ एवढेच म्हणावे.

प्रश्न: माझे वय 29. फ्लूवोक्सामिनने माझा ओसीडी दीड वर्ष आटोक्यात आहे. आता बाळाचा विचार आहे. सासरचे म्हणतात, गोळी बंद कर किंवा बदल. काय करावे?

– एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर: लागू पडलेले औषध केवळ भीतीपोटी बदलू नये. नव्या औषधाने गुण येईलच याची हमी नसते, आणि मग गर्भाला दोन औषधांशी व वर उसळलेल्या आजाराशीही गाठ घालून दिल्यासारखे होते. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतर मंत्रचळ उसळण्याचा धोका असतो. या गटात पहिल्या तिमाहीत शक्यतो टाळले जाणारे औषध पॅरॉक्सेटिन आहे, कारण त्याचा संबंध गर्भाच्या हृदयातील दोषांशी जोडला गेला आहे. स्तनपानाच्या काळात सर्ट्रालिनला पसंती असते, कारण ते दुधात फार थोडे उतरते. बदल करायचाच असेल तर तो दिवस जाण्यापूर्वी करावा आणि नव्या गोळीवर काही महिने स्थिर होऊन मग पुढे जावे. मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांची एकमेकांशी बोलणी करून द्या, आणि त्या भेटीला यजमानांनाही सोबत न्या, म्हणजे सासरी उत्तरे देण्याचे काम तुमच्या एकटीवर पडणार नाही.

प्रश्न: वडील 68 वर्षांचे आहेत. चिंतेसाठी त्यांची गोळी बदलून सर्ट्रालिन दिली. दहा दिवसांनी ते गोंधळल्यासारखे बोलू लागले, तोल जाऊ लागला. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. वयामुळे होत असेल का?

– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: वयावर टाकून थांबू नका, आजच रक्तातील सोडियम तपासून घ्या. या गटातील औषधांनी वयस्कर माणसांत सोडियम उतरू शकते, तेही बहुधा सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, आणि लघवी वाढवणारी गोळी जोडीला असली की धोका वाढतो. गोंधळ, तोल जाणे, मळमळ, डोकेदुखी ही त्याची चिन्हे आहेत. फार उतरले तर फिटही येते. स्वतःहून मीठ-पाणी पाजत बसू नका, कारण नुसते पाणी जास्त गेले तर सोडियम आणखी उतरते. ते झोपेतून नीट उठत नसतील तर तपासणीच्या कागदाची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या, आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवा.